लाल चौकटीतला सोमवार

कोर्टात दिवस मोजायची एक रीत आहे, आणि ती मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. नोटीस हातात पडली तो दिवस मोजायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून एक म्हणायचं. मधले रविवार, सणवार सगळे धरायचे, त्यांना सूट नाही. फक्त शेवटचाच दिवस सुट्टीचा निघाला, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी कागद दिला तरी चालतो. घरात आपण असं मोजत नाही. माणूस गेला तो दिवस पहिला धरून दहावा-तेरावा करतो, आणि ‘आठ दिवसांनी या’ म्हटलं की पाहुणा सातव्या दिवशी दारात हजर. म्हणून पक्षकारांना मी बोटांच्या पेरांवर मोजून दाखवायची. शिकवायची मला भारी हौस. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझ्या हौसेला होतं, ते दुसऱ्याने दिलं.

मी निपाणीची. वकिली मात्र बावीस वर्षं हद्दीपलीकडे कोल्हापुरात केली, रोज एसटीने जाऊन-येऊन. मुलीच्या कॉलेजसाठी बेळगावात घर केलं आणि इथल्या कोर्टात उभी राहायला लागले. या वयात नवीन कोर्ट झेपेल का, असं दोघा-तिघांनी विचारलं. कायदा सगळीकडे एकच, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. कोर्टाची सुट्ट्यांची यादी असलेली डायरी मला इथेही मिळाली होती. ती मी टेबलाच्या खणात टाकली. भिंतीवर कॅलेंडर होतं ते आईने निपाणीहून दिलेलं. आमच्याकडच्या सगळ्या मराठी घरांत असतं तसंच, तिकडे महाराष्ट्रात छापलेलं. संकष्टी कधी, ग्रहण कधी, सुट्टी कधी, सगळं त्यात बघायचं.

दुसऱ्या वर्षी, जानेवारीत, बेळगावातल्याच वडगावचे आप्पा माझ्याकडे आले. सत्तरीचा विणकर माणूस. घराला लागून पत्र्याची शेड, शेडमध्ये साड्यांचे चार यंत्रमाग. मुलगा गेल्यापासून दोन माग ते बघत आणि दोन सून बघे. रस्ता रुंद करायचा म्हणून एका कचेरीने शेड अतिक्रमणात धरली होती. हुकूम शनिवारी आप्पांच्या हातात पडला. तीस दिवसांत जिल्हा कोर्टात अपील करा, नाहीतर आम्ही शेड पाडू, एवढाच त्याचा मथितार्थ.

मी पेरांवर मोजलं. शनिवार सोडून रविवार एक, सोमवार दोन. तिसावा दिवस फेब्रुवारीतल्या एका सोमवारी येत होता. आप्पांनाही मोजायला लावलं. ते पहिल्यांदा शनिवारपासूनच मोजायला लागले, तेव्हा मी त्यांचा अंगठा धरून पुढच्या पेरावर ठेवला. ‘हातात पडला तो दिवस सोडायचा, आप्पा. दुसऱ्या दिवसापासून.’ ते हसले. ‘आमी धागं मोजताना पयला धागा सोडला तर साडी वाकडी हुईल की, आक्का.’

शेड त्यांच्याच जागेत आहे हे दाखवणारा जुना मोजणीचा नकाशा हवा होता. त्यासाठी चार आठवडे आप्पा या खिडकीतून त्या खिडकीत फिरत होते. नक्कल हातात आली ती अठ्ठाविसाव्या दिवशी, शनिवारी दुपारी चार वाजता. तिथून ते रिक्षाने थेट माझ्याकडे आले. अपील टाईप होऊन तयार होतं. नकाशा जोडायचा, सह्या करायच्या आणि कोर्टाच्या काउंटरवर द्यायचं, एवढंच राहिलं होतं. धावपळ केली असती तर त्याच दिवशी झालं असतं.

‘आत्ताच दिऊया का, आक्का? जिवाला बरं वाटंना,’ आप्पा म्हणाले.

मी भिंतीकडे बघितलं. सोमवारची चौकट लाल होती. शिवजयंती. कोल्हापुरात बावीस वर्षं त्या दिवशी कोर्टाला कुलूप बघितलं होतं. ‘सोमवारी कोर्ट बंद,’ मी म्हटलं. ‘शेवटचा दिवस सुट्टीत गेला की पुढचा धरतात. मंगळवारी अगदी ऐटीत देऊ.’

‘मंगळवारी चालतंय न्हवं?’

‘कायद्यानं चालतंय.’

त्यांनीही कॅलेंडरकडे बघितलं. ‘व्हय, आमच्याबी भिंतीवर लाल हाय.’ आणि ते निश्चिंत होऊन गेले.

रविवारी मी आईकडे निपाणीला गेले. सोमवारी चौकात भगवे झेंडे होते, गाणी लागली होती. मी गॅलरीत चहा पीत बसले होते आणि खालून मुलं दप्तरं पाठीला लावून शाळेत चालली होती. मी ती बघितली. गणवेशात होती. एकीची वेणी सुटली होती, तेही आठवतं. सुट्टीच्या दिवशी ही मुलं कुठे चाललीत, एवढा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. तेव्हा साडेआठ वाजले होते. बेळगावला पोचायला दीड तास लागतो, आणि अपील माझ्या पिशवीत होतं.

मंगळवारी काउंटरवरच्या बाईंनी कागद चाळले, हुकुमावरच्या शिक्क्याची तारीख बघितली आणि पेन खाली ठेवलं. ‘एक दिवस उशीर आहे.’

‘काल सुट्टी होती ना,’ मी म्हटलं.

‘कुठे? कालच्या दिवशी महाराष्ट्रात सुट्टी असते, मॅडम. इथे कर्नाटकात नाही. काल मी याच खुर्चीत होते.’

आदल्या वर्षी तो दिवस नेमका रविवारी आला होता, म्हणून मला कळलं नव्हतं. पण हे मी कोणाला सांगणार? बावीस वर्षं मोजलेले दिवस, आणि राज्याची हद्द मात्र मोजायची राहिली. लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, कारण पुढचं मला माहीत होतं. उशीर झाला की आधी उशिराच्या माफीचा अर्ज द्यावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत शेड पाडू नका म्हणून स्थगिती मागता येत नाही.

माफीच्या अर्जात उशिराचं कारण लिहावं लागतं, आणि ते पक्षकाराच्या प्रतिज्ञापत्रावर. एका वकिलाने सुचवलं, आजारपण लिहा, सगळे तेच लिहितात. वकिलाला कॅलेंडर वाचता आलं नाही, असं लिहायची माझी छाती झाली नाही. मी लिहिलं, अर्जदाराला सोमवारी ताप होता. मग व्हरांड्यात आप्पांना ते मराठीत वाचून दाखवलं.

‘मला ताप कधी आलता?’ त्यांनी विचारलं.

‘असं लिहावं लागतं, आप्पा.’

त्यांनी चष्मा लावला आणि जिथे मी बोट ठेवलं तिथे सही केली. न्यायाधीशांनी कचेरीला नोटीस काढून आठ दिवसांनंतरची तारीख दिली.

कचेरी आठ दिवस थांबणार नव्हती. त्यांच्या मोजणीने तीस दिवस सोमवारी संपले होते आणि ती मोजणी बरोबर होती. बुधवारी सकाळी सुनेचा फोन आला. मी वडगावला पोचले तेव्हा जेसीबी गल्लीत शिरला होता. अपील दाखल केल्याचा कागद मी कचेरीच्या साहेबाला दाखवला. त्याने तो नीट वाचला. वाईट माणूस नव्हता. ‘स्टे आहे का?’ एवढंच त्याने विचारलं. नव्हता.

माग बाहेर काढायला त्याने अर्धा तास दिला. एका मागावर जांभळी साडी अर्धी विणून झाली होती. उभे धागे असे ताणलेले असताना माग हलवता येत नाही. सून आत गेली आणि कात्री घेऊन आली. हजारो धागे होते. आप्पा पुढे झाले तसं तिने त्यांना हाताने मागे सारलं आणि एका कडेने स्वतःच कापत गेली. ती रडली नाही. गल्लीतल्या बायका रडत होत्या. मी काळा कोट घालून मधोमध उभी होते आणि कोणीतरी मला खुर्ची आणून दिली. त्या खुर्चीचा मला आजही राग येतो.

माग पावसाळाभर ताडपत्रीखाली राहिले आणि गंजले. सून जवळच्या मच्छे गावी कारखान्यात जायला लागली. आप्पा शहापूरला दुसऱ्याच्या मागावर बसतात, जेवढं बसवतं तेवढं.

उशिराच्या माफीचा निकाल तारखा पडत पडत सात महिन्यांनी लागला. अर्जदाराच्या आजारपणाचं कारण पुरेसं आहे, एका दिवसाचा उशीर माफ. मी हुकूम आप्पांना वाचून दाखवला.

‘म्हंजे माजा ताप माफ केला,’ ते म्हणाले.

तेव्हा तरी मी सांगायला हवं होतं, की ताप नव्हता, माफी मागायची होती ती मी, आणि तुमच्याकडे. मी म्हटलं, ‘आता खरं अपील चालेल. तारीख पंधरा दिवसांनी आहे.’

त्यांनी मान डोलावली. डावा हात पुढे धरला आणि अंगठ्याने पेरं मोजायला लागले. आजचा दिवस सोडून, उद्यापासून, मी शिकवलं होतं तसं.