गल्लीच्या दारातील चपला

माझे वय आता पन्नाशीपलीकडे गेले. एवढ्या आयुष्यात मी कधी अंगारा लावून घेतला नाही, दंडाला ताईत बांधला नाही. अमानवीय म्हणून जे सांगितले जाते ते सांगणाऱ्यांशी मी कधी वाद घातला नाही. शांतपणे ऐकून घेत असे आणि मनात म्हणत असे, की या गृहस्थांची झोप नीट झालेली दिसत नाही. आज मीच त्या गृहस्थांच्या पंक्तीला येऊन बसलो आहे... वाचकांनी माझ्याविषयीही मनात तसेच म्हणावे. माझी तक्रार नाही.

हकीकत हिंगणघाटची. आमचा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात होता आणि कारखान्यांचे इन्स्पेक्टर नागपुराहून येत. नदीपासून फार दूर नसलेल्या, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनात मी सुपरवायझर होतो. जिनाचे नाव लिहीत नाही. ते लिहून कोणाचेच भले होणार नाही.

ज्यांनी जिन आतून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. वरच्या मजल्यावर रेच्यांच्या, म्हणजे रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांच्या, दोन रांगा असतात आणि प्रत्येक रेच्यापुढे एक बाई कापूस घालीत उभी असते. रुई पुढे पडते, सरकी खाली. या मजल्याखालून, इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक जाड लोखंडी शाफ्ट जातो. इंजिन त्याला फिरवते आणि त्याच्यावरचे पट्टे वरचे रेचे फिरवतात. शाफ्टच्या कडेने माणूस वाकून जाईल एवढीच वाट असते. तिला आम्ही गल्ली म्हणत असू. साचलेली सरकी ओढायला आणि बेअरिंगांना तेल द्यायला तेथे कोणाला तरी जावेच लागते. नियम असा, की इंजिन बंद असेल तरच जायचे. एरवी दाराला कुलूप.

नियम होता. त्याची रंगवलेली पाटीही होती. बायका तिच्यावर ओली लुगडी वाळत घालीत. मी समजावले, रागावलो, दंड करून पाहिला... लोक फिरत्या शाफ्टजवळ जातच राहिले. एका हंगामात किसना नावाच्या आमच्या तेलवाल्याचे धोतर शाफ्टमध्ये गेले. त्याविषयी याहून अधिक लिहवत नाही. तेरावा होईपर्यंत सारे जपून वागले आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. किसनाच्याच चुलतभावाला मी एकदा फिरत्या शाफ्टपाशी पकडले, तेव्हा तो म्हणाला, "बाबूजी, इंजिन थांबवलं त हापिसातून बोंबलतेत, नाई थांबवलं त तुमी बोंबलता. आमी आयकावं तरी कोनाचं?"

उत्तर शोधले ते गोविंदने.

गोविंद आमचा फोरमन, आणि माझा बालमित्र. आम्ही दोघे देवळीचे, एका शाळेतले, एकाच मास्तरांच्या छडीचे. त्याच्या हातात फिटरची विद्या उपजत होती. मालकांपाशी शब्द टाकून मीच त्याला या जिनात आणले होते. किसना गेल्यानंतरच्या हंगामात एका सकाळी इंजिन थांबवून तो सर्वांसमक्ष गल्लीच्या दारापाशी आला, पायांतल्या चपला काढून उंबऱ्याशी नीट जोडून ठेवल्या आणि इंजिनघराच्या खिडकीकडे पाहून ओरडला, "उस्मान, दिसून राह्यल्या का रे तुले तिथून?"

उस्मानभाई आमचे इंजिन-ड्रायव्हर. त्यांच्या खिडकीसमोरच ते दार होते. त्यांनी डोके बाहेर काढले. "दिसते ना फोरमनसाहेब! चांगली कोरी दिसते. सासऱ्यानं देल्ली का?"

सारे जिन हसले. गोविंदही हसला, मग गंभीर होऊन म्हणाला, "आयका बाप्पा हो. ह्या जवरीक इथं हायेत, तवरीक आत मानूस हाय. चपला दिसल्या का इंजिन चालू करायचं नाई. मी सांगो, बाबूजी सांगो, मालक सांगो. ज्याच्या पायात काई नसंल त्यानं डोक्शाचा दुपट्टा ठेवावा."

एवढेच. आणि जे पाटीने, रागाने, दंडाने झाले नव्हते, ते त्या दिवसापासून होऊ लागले.

का झाले, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. दारात चपला दिसल्या म्हणजे आत माणूस आहे, हे कोणाला शिकवावे लागत नाही. आणि दुसऱ्याच्या चपलेला आपल्याकडे कोणी हात लावीत नाही. झाडणारी बाईसुद्धा खराटा वळवून जाते. पाय लागला तर माणूस नमस्कार करतो. दुसरे म्हणजे, फोरमनने स्वतः सर्वांच्या आधी अनवाणी होऊन दाखवले होते. माणसे नियमाचे ऐकत नाहीत, माणसाचे ऐकतात. नागपूरच्या इन्स्पेक्टरांनी मला विचारले, की गल्लीला कुलूप का दिसत नाही? मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "साहेब, कुलूप कोणीही काढील. आमच्याकडे दुसऱ्याच्या चपला कोणी उचलणार नाही." ते हसले आणि कुलूप लावा म्हणून लिहून गेले. ते कुलूप मी आग्रहाने लावून घेतले नाही, हे येथे नमूद करतो.

पुढच्या हंगामात, पौषातल्या एका सकाळी, वरच्या बायकांनी जळका वास येत असल्याचे सांगितले. शाफ्टचे एखादे बेअरिंग तापले असावे. नवा तेलवाला तापाने घरी पडला होता. मी उस्मानभाईंना हात दाखवून इंजिन थांबवायला लावले, गल्लीच्या दारात चपला काढल्या आणि धोतर खोचून आत शिरलो. गोविंद अंगणात उभा होता. मी त्याला म्हणालोही, "पाहून येतो रे." त्याने मान हलवली. ही मान हलवलेली मला स्पष्ट आठवते.

आत अंधूक उजेड होता. सरकीचा ओलसर वास, वरून फटींतून गळणारी रुईची धूळ. डोक्यावर बायकांच्या गप्पा चालल्या होत्या. "काव सगुणे, तुई सून माहेरून आली का नाई?" "आली नं माय, पन तोंड थितीच ठेवून आली!" मला हसू आले. तापलेले बेअरिंग सापडले. त्याच्याभोवती सरकी गच्च बसली होती. मी गुडघ्यावर बसून ती हाताने उकरू लागलो. धोतराचा सोगा केव्हा सुटला ते कळले नाही.

मग वाफेचा तो ओळखीचा सुस्कारा आला. मी म्हटले, छे, चपला दारात आहेत...

शाफ्ट हलला.

एखादे मोठे जनावर कूस बदलते तसा तो हळू वळला. माझा सोगा कपलिंगच्या बोल्टात गेला आणि कमरेला हिसका बसला. मी दोन्ही हातांनी बेअरिंगचा खांब धरला. ओरडलो की नाही, सांगता येत नाही. शाफ्टचा पुरता फेराही झाला नसेल... आणि तो थांबला. वाफ पुन्हा सुस्कारली, या वेळी सोडल्यासारखी. मी धोतर फाडून घेतले आणि रांगत दाराकडे आलो.

बाहेर उन्हात आलो तेव्हा उस्मानभाई धावत येत होते. हाताला तेल, चेहरा पांढराफटक.

"बाबूजी! लागलं त नाई ना? मले फोरमनसाहेब बोल्ले, गल्ली खाली हाय, चालू कर. म्या वाफ देल्ली आन् खिडकीतून पाह्यलं त तुमच्या चपला दारात! डाव्या चपलेचा अंगठा उसवला हाय ना, त्याच! तशीच वाफ बंद केली. अल्लाकसम, एक घडी उशीर होता त..."

ते बोलता बोलता थांबले. मीही त्यांच्या नजरेमागोमाग खाली पाहिले.

उंबऱ्याशी काहीही नव्हते. मी अनवाणी उभा होतो.

"आत्ताच त होत्या," उस्मानभाई म्हणाले. त्यांचा आवाज पार खाली गेला. "माह्या डोयानं पाह्यल्या."

मघा वर बोलणारी सगुणाबाई कचऱ्याचे टोपले टाकायला खाली आली होती. ती पदर सावरीत म्हणाली, "हाव तर. म्या टोपलं घेऊन वळसा घालून गेली नं त्याइले. आत्ताच, इंजिन हुंकारलं तवाच. कोनं उचलल्या व माय?"

चपला सापडल्या. हापिसच्या व्हरांड्यात, गोविंदच्या खुर्चीपाशी. तेथील कारकून भला, पापभीरू माणूस. त्याने सर्वांसमक्ष जे सांगितले ते असे, की फोरमनसाहेब त्या हातात घेऊन आले, खुर्चीशी ठेवल्या, मग व्हरांड्यातूनच इंजिनघराच्या खिडकीकडे ओरडून उस्मानला इंजिन चालू करायला सांगितले. आणि चपला त्या क्षणापासून तेथून हललेल्या नाहीत. त्याने विचारलेही होते, "या कोणाच्या?" गोविंद तसाच इंजिनघराकडे वळला होता.

म्हणजे जेव्हा उस्मानभाईंनी त्या दारात पाहिल्या, आणि सगुणाबाई त्यांना वळसा घालून गेली, तेव्हा त्या गोविंदच्या खुर्चीपाशी होत्या.

मी व्हरांड्यात गेलो. फाटके धोतर तसेच होते. गोविंद उठून उभा राहिला. कारकून निघून गेला. तेवढे शहाणपण त्याला होते.

"गोविंदा, तू माझ्या चपला उचलल्या?"

"हाव."

"मी आत असताना?"

"नारायण, मॅनेजर सकायपासून माह्या छातीवर बसून राह्यले. वॅगन लागून हाय, रुईच्या गाठी पुऱ्या नाई. जेवनाच्या सुट्टीआंधी इंजिन चालू नाई झालं त उद्या दुसरा फोरमन पाहू, म्हन्ले. उस्मान चपला पाहून हात लावत नाई. मीच त शिकवलं त्याले हे नाटक..." तो अडखळला. "मले वाटलं, तू निघतच असशीन."

"आवाज द्यायचा होता."

"देनार होतो."

"दारातूनच द्यायचा होता, गोविंदा. तू दारापर्यंत आला होतास."

त्याने खाली पाहिले. मग म्हणाला, "तू वाचला नं? मग कायले वाढवतं?"

मी चपला पायांत घातल्या नाहीत. हातात घेऊन घरी आलो.

गोविंदविरुद्ध मी काही लिहून दिले नाही, पण मजुरांपासूनही काही लपवले नाही. लपवण्यासारखे उरलेही नव्हते. दुसऱ्या दिवशी तेलवाला आला तो बायकोला घेऊन. गल्लीत जाताना त्याने तिला दारात उभे केले. त्यानंतर जो आत जाई तो आपले माणूस दारात उभे करी – भाऊ, बायको, आई, कोणीही रक्ताचे. चपला मग कोणी ठेवीना. कोणी मला टोमणा मारला नाही. एका म्हातारीने मात्र मला जवळ बोलावून विचारले, "बाबूजी, तुमचं त घरचंच मानूस होतं नं थे?" मी हो म्हणालो. ती मान हलवत कामाला गेली. हंगाम संपल्यावर मी ती नोकरी सोडली. गोविंद फोरमन राहिला.

चपलांविषयी मी जाणत्या लोकांना विचारले आहे. एक डॉक्टर म्हणाले, रोज पाहून डोळ्याला सवय होते, मग नसलेलेही दिसते. उस्मानभाईंपुरते मी हे मान्य करतो. पण सगुणाबाई डोक्यावर टोपले घेऊन कशाला वळसा घालून गेली? तिला मी पुन्हा पुन्हा विचारले. शेवटी ती चिडून म्हणाली, "मंग काय तुमच्या चपलेवर पाय देऊन जाऊ का?" गावातले लोक म्हणतात, तो किसना होता. म्हणोत. किसना असेल तर त्याचे माझ्यावर फार मोठे ऋण आहे. ज्या नियमाने तो वाचला असता, तो मी त्याच्या जिवंतपणी कोणाकडून पाळून घेऊ शकलो नव्हतो. मला एवढेच ठाऊक आहे, की नसलेल्या चपला दोन माणसांना दिसल्या आणि मी हे लिहायला उरलो. त्याचे स्पष्टीकरण मजजवळ नाही, आणि खरे सांगायचे तर आता त्यावाचून माझे अडतही नाही.

अडते ते निराळ्याच ठिकाणी. मी स्वतःला पुष्कळ तपासून पाहिले. त्याला नोकरी लावल्याचे मी कधी बोलून दाखवले का? एकदोनदा, चारचौघांत, हसत हसत... दाखवले असेल. ते त्याला लागले असेल. त्याबद्दल मी मनोमन त्याची क्षमा मागितली आहे. पण कितीही दोष स्वतःकडे घेतला तरी हिशेब जुळत नाही. गल्लीच्या दारापासून व्हरांडा चांगला लांब आहे. मधे सारे अंगण, कापसाच्या गंज्या, विहीर. ज्याने मला, आम्हा सर्वांना, त्या चपलांवर विश्वास ठेवायला शिकवले, तो वाकला, त्याने त्या हातात घेतल्या, आणि ते सारे अंगण तो चालत गेला. मी आत होतो हे त्याला ठाऊक होते. एवढ्या वाटेवर त्याला एकदाही मागे वळून हाक मारावीशी वाटली नाही.

याचे स्पष्टीकरण मी कोणाला विचारावे, हे मला अजून कळलेले नाही.