भिकनभाऊ अनकाई चढले

नाशिक जिल्ह्यातल्या बहुतेक किल्ल्यांच्या पायथ्याशी भिकनभाऊ दोंद्यांनी एसटी नेऊन उभी केली होती. रामशेज, अंजनेरी, मुल्हेर, अनकाई. थंडी पडली की शाळांच्या सहली निघायच्या, आणि मास्तर लोक डेपोत येऊन सांगायचे, "ड्रायव्हर दोंदेच द्या." कारणही तसंच होतं. सावळघाटात समोरून लाकडाचा ट्रक आला तरी भिकनभाऊंच्या गाडीतलं झोपलेलं पोर जागं होत नसे.

पण किल्ला मात्र त्यांनी एकही चढला नव्हता. पोरं वर निघाली की ते डबा खायचे, मागच्या लांब सीटवर पेपर अंथरायचे आणि टोपी तोंडावर घेऊन आडवे व्हायचे. एखादी मुलगी विचारायची, "काका, तुम्ही नाही येत?"

"ड्रायव्हरला गाडी सोडून हलता येत नाही, बाळा," ते सांगायचे. नियम खराच होता, त्यामुळे पुढं कुणी काही विचारत नसे.

मी लग्न होऊन नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत आले तेव्हा दोंद्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून होतं. घरात भिकनभाऊ, त्यांची बायको मालनवहिनी आणि आई भिमाबाई. मुलगी लग्न होऊन नांदगावला गेलेली. भिमाबाईंनी सत्तरी ओलांडली होती, पण आवाज असा की त्यांनी घरात भाजी निवडायला मागितली तरी गल्लीला कळायचं. मालनवहिनी नेमक्या उलट. महापालिकेच्या दवाखान्यात त्या आया होत्या. कामाचं बोलायच्या आणि गप्प व्हायच्या.

त्र्याऐंशी सालच्या शेवटी आमच्या महिला मंडळात सहलीचा विषय निघाला. बुद्धविहारात सतरंजीवर बसलो होतो. पुरुष मंडळी महूला, औरंगाबादला जाऊन यायची, बायका मात्र लग्न आणि मयत सोडून कुठं गेल्या नव्हत्या. कुणी शिर्डी म्हणालं, कुणी वेरूळ. तेवढ्यात कधी न बोलणाऱ्या मालनवहिनी म्हणाल्या, "अनकाई-टंकाईला जाऊ या."

सगळ्या त्यांच्याकडं बघायला लागल्या.

"माझ्या मामाचं गाव तिथंच आहे, मनमाडजवळ," त्या सांगू लागल्या. "लहानपणी सुट्टीत जायचे. दारात उभं राहिलं की समोर हे दोन किल्ले. एकमेकांना चिकटून बसल्यासारखे. मामाची पोरं शेरडं घेऊन वर जायची, राजवाड्याच्या पडक्या भिंती बघून यायची, तळ्यात पोहून यायची. मी मागं लागले की मामी म्हणायची, पोरीच्या जातीला वर काय काम? मग पंधराव्या वर्षी लग्नच झालं. त्यानंतर रेल्वेतून जाताना बघते नुसती."

मग दुसऱ्या कुठल्या गावाचं नाव कुणी काढलंच नाही.

जानेवारीतला रविवार ठरला. करारावर एसटी मिळाली, आणि ड्रायव्हर म्हणून आले ते भिकनभाऊच. कंडक्टर गोटीराम, त्यांचे जुने जोडीदार, दम्याचे पेशंट. अंधार असतानाच आम्ही निघालो. डब्यांतून बाजरीच्या भाकरी, ठेचा, कांदे, शेंगदाण्याची चटणी. चांदवड येईपर्यंत गाणी म्हणून म्हणून घसे बसले. भिमाबाई ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसल्या होत्या आणि मुलाला गाडी कशी चालवायची ते सांगत होत्या.

मनमाड सोडलं आणि मालनवहिनी उठून उभ्या राहिल्या. खिडकीतून दोन्ही किल्ले दिसत होते. पहिलं ऊन कड्यावर आलं होतं, खाली गाव अजून सावलीत होतं. वहिनींनी समोरचा दांडा घट्ट धरला होता आणि त्यांचे ओठ हलत होते. काय म्हणत होत्या कोण जाणे.

किल्ल्याच्या पायथ्याच्या गावाजवळ गाडी थांबली. आम्ही उतरलो, चपला घट्ट केल्या, पाण्याच्या बाटल्या, कळशी घेतली. भिकनभाऊ सवयीनं मागच्या सीटकडं पेपर घेऊन निघाले.

"ए भिका," भिमाबाई खालून ओरडल्या. "कुठं निघाला? वर चल की."

"गाडी आहे ना, आई."

"गाडीला काय कुत्रं नेतंय?"

गोटीराम हसले. "जा रे भिकन. मला काय चढता येत नाही ह्या छातीनं. मी बसतो गाडीपाशी. दर वेळी तू झोपतोस, आज मी झोपतो."

भिकनभाऊंचा चेहरा उतरला. मला वाटलं, थकले असतील. तेव्हा मालनवहिनी पुढं आल्या आणि घाईनं म्हणाल्या, "राहू द्या, आत्याबाई. पहाटेपासून गाडी चालवलीय त्यांनी. पाय दुखतायत त्यांचे कालपासून."

पाय काही दुखत नव्हते. खरी गोष्ट आम्हाला थोडी त्याच दिवशी वर चढताना कळली, बाकीची भिकनभाऊंनीच पुढं कितीतरी दिवसांनी सांगितली. त्यांना उंचीचं भ्या होतं. स्टेअरिंग हातात असलं की दरीच्या काठानं गाडी घालतील, पण स्वतःच्या पायांवर उंचावर उभं राहिलं की कानात वारं घुमायचं. का, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. घरावर पत्रे टाकायचे होते तेव्हा ते शिडीच्या मध्यावर अडकले होते, आणि मालनवहिनींनी त्यांना हळूच खाली उतरवून स्वतः वर चढून पत्रे ठोकले होते. नवरा-बायको दोघांनाच माहीत. वहिनींनी सासूलाही कधी कळू दिलं नव्हतं.

आता बायको सगळ्यांसमोर आपल्यासाठी खोटं बोलतेय, हे भिकनभाऊंनी बघितलं. पदर खोचून, टाचा उचलून ती किल्ल्याकडं बघत होती तेही बघितलं. त्यांनी पेपर सीटवर टाकला, टोपी काढून ठेवली आणि उतरले.

"येतो मी," ते म्हणाले.

वहिनी त्यांच्याजवळ गेल्या. "अहो, नका. खरंच नका येऊ."

"चल म्हणतो ना."

आधी टंकाईच्या पोटातली लेणी लागली. दगडात कोरलेले खांब, दाराच्या चौकटींवर वेलबुट्टी, छतावर उमललेलं भलंमोठं कमळ. आम्ही बायका हात लावून लावून बघत होतो. एवढ्या उंचीवर, ह्या काळ्या कातळात, कुणी आणि किती वर्षं बसून हे केलं असेल! आतल्या अंधारात एक मूर्ती होती, झिजलेली, मांडी घालून बसलेली. भिमाबाईंनी हात जोडले. कुणीतरी सांगितलं, "आजी, ही जैनांची लेणी आहेत. हे तीर्थंकर आहेत."

"असू दे," भिमाबाई म्हणाल्या. "कसा शांत बसलाय बघ. मला तर लय आवडला."

तिथून दोन किल्ल्यांमधल्या खिंडीत आलो. एका हाताला टंकाई, दुसऱ्या हाताला अनकाईचा उभा कडा. दरवाजातून आत शिरलो. दगडी चौकट अजून धडधाकट होती, वरच्या कमानीत घारींनी घर केलं होतं. एकामागून एक दरवाजे, आणि मधून कड्यात खोदलेल्या पायऱ्या. इथपर्यंत भिकनभाऊ भिंतीच्या आधारानं, मान खाली घालून चालत होते. पुढच्या वळणावर मात्र बाहेरचा कठडा पडून गेला होता. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला नुसतं आभाळ, आणि खूप खाली गावातली कौलं.

भिकनभाऊ तिथं खाली बसले.

मी त्यांच्या मागंच होते. त्यांचे दोन्ही हात पायरीला चिकटले होते. खाकी शर्ट पाठीवर भिजला होता. त्या थंडीत.

मालनवहिनी वरून चार पायऱ्या उतरून आल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "थांबा गं सगळ्या. पाणी प्या जरा." मग त्या त्यांच्याशेजारी, दरीच्या बाजूला बसल्या.

"मला जमायचं नाही, मालन," भिकनभाऊ हळू म्हणाले. "तू जा. मी बसतो इथंच."

"तुम्हाला इथं बसवून मी कुठं जाऊ?"

"अगं, एवढी वर्षं थांबलीस. जा."

वहिनींनी आपली हिरवी पिशवी वरच्या पायरीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, "घाटात गाडी चढवताना तुम्ही कुठं बघता?"

"कुठं म्हणजे? समोर. वळणाकडं."

"दरीकडं नाही बघत?"

"दरीकडं बघून गाडी चालवायची असते होय?"

"मग आता का बघताय?"

भिकनभाऊंनी मान वर केली. समोर पायऱ्या होत्या, त्यावर वहिनींची हिरवी पिशवी ठेवलेली होती. पलीकडं दरवाजाची कमान. तेवढ्यात वरून भिमाबाईंचा आवाज आला. त्या केव्हाच कमानीत जाऊन बसल्या होत्या.

"काय झालं गं? भिका का बसला?"

वहिनींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. भिकनभाऊंनी त्यांचा हात दाबला आणि स्वतःच मोठ्यानं ओरडले, "आई, मला भ्या वाटतंय! उंचीचं भ्या वाटतंय मला!"

मला वाटलं, आता कुणीतरी हसणार. माझ्या मागं चांगुणा उभी होती, कॉलनीतली सगळ्यात भांडखोर बाई, नळावर जिच्या वाटेला कुणी जात नसे. ती म्हणाली, "भाऊ, मलापण वाटतंय. मघापासून वाटतंय, लाजेनं बोलले नाही."

"मलाबी," आणखी कुणीतरी खालून म्हणालं.

"मग असं करा," भिमाबाई वरून म्हणाल्या, "हातानं चढा. मी तशीच आले. इथं कोण बघतंय?"

भिकनभाऊ हसले. रडल्यासारखंच हसले, पण हसले. त्यांनी एक हात वरच्या पायरीवर टेकला, मग दुसरा. वहिनी दरीच्या बाजूनं त्यांच्याबरोबर.

"पहिल्या गिअरमधे घ्या," वहिनी म्हणाल्या.

"पहिलाच टाकलाय."

आणि मागून चांगुणानं कंडक्टर गाडी सोडताना घंटा मारतो तसा दोनदा जोरात आवाज काढला, "टिंग टिंग!"

डबल बेल! आम्ही सगळ्याच ओरडायला लागलो. टिंग टिंग, टिंग टिंग. त्या कड्यात आवाज घुमायला लागला, खालच्या कमानीतल्या घारी उडाल्या. भिकनभाऊ चारी पायांवर एकेक पायरी चढत होते, नजर समोर, तोंडानं काहीतरी पुटपुटत. त्यांच्यामागं मी आणि चांगुणा, आम्हीही तशाच. लुगड्याचे ओचे खोचून बायकांची रांग हातापायांवर वर सरकत होती आणि जी ती हसून हसून बेजार.

कमानीत पोचल्यावर भिमाबाईंनी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. "पहिलंच सांगायचं ना, येड्या," म्हणाल्या. "तुझा बाप विहिरीत डोकावत नव्हता. मोट मीच धरायची."

"मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू इचारलं कधी?"

पुढच्या पायऱ्या भिंतीआड होत्या. शेवटचा दरवाजा ओलांडला आणि एकदम सगळं मोकळं झालं. वर एवढं मोठं पठार असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पिवळं गवत वाऱ्यानं एका बाजूला झुकलेलं, मधे निळं तळं, तळ्यात दगडी समाधी, आणि लांब टोकाला वाड्याच्या पडक्या भिंती. मालनवहिनी पळायला लागल्या. अठ्ठेचाळीस-पन्नासच्या वयात, दवाखान्यात पाय न वाजवता चालणारी ती बाई पदर सोडून पळत सुटली. वाड्यापर्यंत गेली, भिंतीला हात लावला, आत शिरली, दुसऱ्या बाजूच्या कमानीतून बाहेर आली आणि तिथून ओरडली, "अहो! आले मी!"

तो आवाज आम्ही त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

मग आम्ही फुगड्या घातल्या. तळ्यात पाय सोडून भाकरी खाल्ल्या. भिमाबाईंनी वाड्याच्या कमानीखाली जाऊन सांगितलं की इथं राजा बसायचा, आणि स्वतःच तिथं बसून सगळ्यांना हुकूम सोडले. वहिनी मात्र पठाराच्या कडेकडेनं फिरत होत्या. उत्तरेला मनमाडचा तो अंगठ्यासारखा उभा सुळका, त्याच्यापुढं रेल्वेचे रूळ, झाडांचा एक पुंजका.

"ते बघा मामाचं गाव," त्या म्हणाल्या. "तिथून मी बघायचे."

भिकनभाऊ पठाराच्या मधोमध, कडेपासून बरेच लांब उभे होते. वहिनींनी हात पुढं केला. ते आले. अगदी काठापर्यंत नाही, पण तिच्या मागं एक हात अंतरावर उभं राहून, तिच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी ते गाव बघितलं. रुळांवरून एक मालगाडी चालली होती. ती संपेपर्यंत दोघं तसेच उभे होते.

उतरताना भिकनभाऊंनी आधीच जाहीर केलं, "मी बसून उतरणार. ज्यांना हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या." कुणी हसलं नाही. उलट निम्म्या बायका त्यांच्यामागं बसूनच उतरल्या. खाकी पँटला मागं मोठं भोक पडलं. खाली गोटीरामनी ते बघून विचारलं, "काय रे हे?"

"घाटात टायर घासला," भिकनभाऊ म्हणाले.

परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी नेहमीसारखीच चालवली. पण चांदवडपासून ते स्वतः गात होते, आणि तेही बेसूर. कधी नव्हे ते वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, "अहो, सूर सोडा, रस्ता धरा," आणि सगळी गाडी खदखदा हसली.

पुढच्या वर्षी आमच्या मंडळानं मुल्हेरला सहल नेली, त्याच्या पुढच्या वर्षी अंजनेरीला. दोन्ही वेळा करारावर दोन दोन गाड्या लागल्या. अठ्ठ्याऐंशीत भिकनभाऊ रिटायर झाले आणि मग ते दोघंच, साधं तिकीट काढून, एसटीनं रामशेजला जाऊन आले. भीती गेली का, असं मी एकदा विचारलं.

"कुठली जाते," ते म्हणाले. "मधेच बसतो, सांगतो बसलोय म्हणून, मग उठतो."

पण अनकाईची खरी हकिगत कॉलनीत पसरली ती भिमाबाईंच्या तोंडून. सहलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर पाणी यायच्या आत त्यांनी सगळ्या गल्लीला ऐकवली. त्यांच्या सांगण्यात कडा दुप्पट उंच झाला होता, पायऱ्या निम्म्या झाल्या होत्या, आणि मुलाला त्यांनी स्वतः पाठुंगळी घेऊन वर नेलं होतं. भिकनभाऊ दारात दात घासत उभे होते. त्यांनी चूळ भरली आणि म्हणाले, "बरोबर आहे. तसंच झालं."

मालनवहिनी आतून हसत होत्या. आम्हाला भिंतीपलीकडं ऐकू येत होतं.