कमरेभोवती ठिबक

माझ्या मुलीची सोयरीक अरबी समुद्रात मोडली. किनारा फार लांब नव्हता, मुंबईच्या इमारती अजून दिसत होत्या. पण जहाज एकदा सुटलं की सुटलं! त्यामुळे मोडलेल्या सोयरिकीला आणि दोन्हीकडच्या माणसांना गोव्याला जाऊन परत येणं भाग होतं. हे सगळं घडलं माझ्या साळ्यामुळे. त्याचं नाव गजू. नुसतं नाव लिहिलं तरी माझा हात शिवशिवतो.

माझं मेहकरला ठिबक सिंचनाचं दुकान आहे. जानेफळपासून लोणारपर्यंतच्या वावरांत मी नळ्या अंथरून दिल्या आहेत. त्यातलंच एक संत्र्याचं वावर आमच्या होऊ घातलेल्या व्याह्यांचं. गृहस्थ लोणारचे, बोलायला सरळ, रागाला त्याहून सरळ. बोलणी ठरली त्या दिवशी चहाचा कप खाली ठेवून त्यांनी एकच अट घातली होती.

"पाहा इवाई, आमाले हुंडा नको, मानपान नको. पन ज्या घरात दारू शिरते त्या घरची पोरगी आमाले नको. साक्षगंध होऊन जाओ, हयद लागून जाओ, मी पोराले उठवून नेईन!"

मी हसत हसत म्हणालो, "आमच्याकडं थेंब नाही हो!" आणि ते खरं होतं. मी दारू पीत नाही. सर्दीचं औषधसुद्धा वास घेऊन पितो.

जहाजाची कल्पना पोरांची. आमची पिंकी आणि त्यांचा मुलगा, दोघंही पुण्याला नोकरीत. म्हणे साक्षगंधाआधी दोन्ही घरांचं बॉन्डिंग व्हायला पाहिजे! आमच्याकडे सोयऱ्यांचं बॉन्डिंग पंगतीत होतं. कोण कोणाला किती आग्रह करतो आणि कोण ताटावरून रुसून उठतो, एवढ्यात सगळं कळतं. त्यासाठी समुद्र लागत नाही. पण पोरांनी तिकिटं काढून टाकली होती, आणि 'तुम्ही काय जुन्या काळातले' हे वाक्य मला सहन होत नाही. (पिंकीला ते माहीत आहे. म्हणून तर म्हणते!)

निघायच्या आदल्या दिवशी मी दुकानाचं शटर ओढत होतो आणि गजू उगवला.

"भाऊजी, एक प्रॉब्लेम हाये."

"तुह्यापेक्षा मोठा?"

"ऐका त! पोराचे मामा येऊन राह्यले जहाजावर. त्यायले संध्याकाळी थोडीशी लागते."

"मंग तिथं घेतील! तिथं मिळते म्हन्तात."

"आन बिल? तिथं बिल खोलीच्या नावानं फाटते भाऊजी! खोल्या कोनाच्या नावावर? आपल्या पिंकीच्या! पिंकीच्या नावावर दारू लागली आन तो कागद इवायानं पाह्यला त?"

"मंग मामाले सांग, दोन दिवस दम काढा म्हना."

"पोराचा मामा हाये तो! रुसला त लग्नात नवरदेवाच्या मांगं उभं कोन राहीन? तुमी?"

मुलीच्या बापाला भीती घालायची असेल तर 'रुसला' एवढा एकच शब्द पुरतो. मी म्हणालो, "पन जहाजावर घरून दारू नेऊ देत नाहीत बे! सामान मशीनमधून काढतात. बाटली पकडली त?"

"बाटली नेतच नाही!" गजू माझ्या दुकानातल्या काळ्या नळ्यांच्या रोलांकडे प्रेमानं पाहत म्हणाला. "पंधरा-सोळा फूट साधी नळी द्या. एक अख्खी बाटली बसते तिच्यात. दोन्हीकडून टोपनं लावू, कमरीले गुंडाळू, वरून पाठीचा पट्टा. प्लास्टिक हाये, मशीन वाजतच नाही!"

"कोनाच्या कमरीले?"

"तुमच्याच! माह्या कमरीवर ते उठून दिसन भाऊजी. तुमच्या पोटात पाच येढे असे जिरून जातात, कोनाले फरकच कळत नाही."

मी त्याला काय काय बोललो ते इथं छापता येणार नाही. बोलता बोलताच रागारागानं शटरच्या फटीतून येणाऱ्या उजेडात एका रोलची नळी मोजली, कापली आणि त्याच्या अंगावर फेकली. चूक झाली ती इथं! कारण दुकानात दोन रोल शेजारी शेजारी होते. एक साधी नळी. दुसरी इनलाइन, म्हणजे जिच्या पोटात हातभर अंतरावर थेंब सोडणारे ड्रिपर बसवलेले असतात ती. दिसायला दोघी सख्ख्या बहिणी. आणि ही इनलाइनसुद्धा साधीसुधी नाही, भारीतली! दाब आल्याशिवाय थेंब सोडत नाही, आणि दाब आला की चढ असो, उतार असो, सगळीकडे सारखं देते. (हे मी गिऱ्हाइकाला इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतही म्हणेन.) त्यामुळे गजूनं ती घरी भरली, पिशवीत वेटोळं करून मुंबईपर्यंत आणली, तरी एक टिपूस गळला नाही. गळला असता तर मी आज सुखी माणूस असतो.

मुंबईला लॉजवर गजूनं माझ्या बनियनवरून नळीचे पाच वेढे दिले, त्यावर पाठीचा पट्टा आवळला, आणि वर हाताला येणार नाही अशा जागी मागून चिकटपट्टी मारली. "खोलीत गेल्यावर मीच काढतो, तुमी हात लावू नका," म्हणाला. बायको बाहेरून ओरडत होती, "अहो, लगनाले निघाले का तुमी? किती नटता!"

बंदरावर तपासणीवाल्यानं माझ्या पोटावर हात ठेवला. "ये क्या है?"

"पट्टा है साहब. कमर गयेली है."

त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि सोडून दिलं. इतका दुःखी चेहरा खोटं बोलत नाही, असं त्याला वाटलं असावं.

आत गेलो तर खोल्या तयार नाहीत! आधी जेवा, मग म्हणे सुरक्षेची कवायत, मग खोल्या. गजू 'जेवा' एवढंच ऐकून गायब झाला. व्याह्यांनी शेजारची खुर्ची थोपटली. "बसा इवाई." मी बसलो. पोट पुढे आलं, पट्टा ताणला, आणि मला कमरेला काहीतरी गार लागलं.

मला वाटलं घाम. मग घामाला वास आला.

व्याह्यांनी नाक वर केलं. "इथं कोनीतरी पिऊन बसलं हाये."

"मुंबई हाये आबा," मी श्वास आत ओढून म्हणालो, "इथं असाच वास असते."

"हट! मांगचा तो चष्मेवाला असन. पाहा कसा लाल लाल डोये करून बसला. चाला, तिकडं बसू."

आम्ही तिकडे बसलो. वासही आला. त्यांनी तिकडच्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडे असं रोखून पाहिलं की ते उठून गेले! मी उभा राहिलो की गळती थांबायची, बसलो की सुरू. म्हणून मी उभाच राहिलो. "बसा ना इवाई, काऊन उभे?" "पाठ धरली." "मंग त बसा!" माणूस मायाळू असला की किती छळतो!

पट्टा काढायला संडासात गेलो तर मागची चिकटपट्टी हाताला येईना. आत एकटाच गोल गोल फिरलो आणि परत आलो. वाटेत मुलाचे मामा भेटले. निदान ज्याच्यासाठी हे सोसतोय त्याला तरी कळावं, म्हणून मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "मामा, काळजी नका करू. तुमची व्यवस्था हाये."

"कायची व्यवस्था?"

मी डोळा मारला. "संध्याकाळची!"

मामांनी शर्टाची वरची गुंडी काढली आणि गळ्यातली तुळशीची माळ बाहेर ओढून माझ्या नाकासमोर धरली. "दोन वर्सं झाली माळ घालून! मी कांदासुदिक खात नाही! कोनी सांगतलं तुमाले?"

कोणी सांगितलं! तो बघा, तिकडे, एका ताटात गुलाबजाम आणि दुसऱ्या ताटातही गुलाबजाम घेऊन उभा आहे तो! 'मामाले लागते' म्हणे! मामाला नव्हे, ह्याला लागत होती! माझ्या दुकानातली नळी, माझी कंबर, माझ्या लेकीचं नशीब, आणि संध्याकाळ ह्याची! मी त्याच्या दिशेनं दोन पावलं टाकली असतील नसतील, तेवढ्यात भोंगा वाजला आणि जहाज हललं. सगळ्यांनी डेकवर रांगेत उभं राहायचं, असं सांगण्यात आलं.

ती सुरक्षेची कवायत. प्रत्येकाला नारिंगी लाइफ जॅकेट घालायचं. मी ते नुसतं गळ्यात अडकवलं होतं. एक मुलगी रांगेतून सगळ्यांचे पट्टे तपासत येत होती. माझ्याजवळ आली.

"सर, बहुत लूज है."

"रहने दो मॅडम. मेरेको कमर का प्रॉब्लेम है."

"सर, सेफ्टी है," ती गोड हसली आणि दोन्ही हातांनी कचकन पट्टा ओढला.

मी गिऱ्हाइकांना जे जे सांगत आलोय ते शब्द न् शब्द खरं आहे. दाब मिळाला की नळी शेवटपर्यंत सारखं देते. पुढून, मागून, डावीकडून, उजवीकडून! पांढऱ्या शर्टावर कमरेभोवती ओळीनं ओले डाग उमटले आणि धारा पँटमधून डेकवर उतरल्या. वास इतका की त्या मुलीनं तोंडातली शिट्टी काढली. मागचे दोन तरुण म्हणाले, "काका, कुठली आहे?"

व्याही सावकाश वळले. माझ्या पायाजवळचं डबकं पाहिलं. त्यांनी माझा शर्ट वर केला, पट्टा खाली सरकवला, आणि नळीवरून बोट फिरवलं.

"हे त इनलाइन हाये!"

"हाव," मी पुटपुटलो.

"दारू चोरून आनता ते आनता, आन साधी नळी सोडून इनलाइनमध्ये भरता? दुकान कसं चालवता तुमी?" मग त्यांचा आवाज आणखी चढला. "आन हिचे सारेच्या सारे ड्रिपर चालून राह्यले! माह्या संत्र्यात अर्धे बंद हायेत! तीन खेप फोन केला तुमाले!"

मी तोंड उघडलं. आता खरं सांगून टाकायचं, गजूचं नाव घ्यायचं, असं ठरवलं. पण गजू माझ्याआधी पोचला होता. गुलाबजामचं ताट हातात, डोळ्यांत पाणी.

"भाऊजी, किती खेप सांगतलं तुमाले! निदान पोरीच्या लग्नापर्यंत तरी दम काढा म्हून!"

मी त्याच्यावर धावलो. लाइफ जॅकेटमध्ये माणसाला धड मारताही येत नाही, नुसती छातीला छाती आपटते. लोकांनी आम्हाला दूर केलं. "चढली हाये त्यायले," असं कोणीतरी समजूतदारपणे म्हणालं.

"मोडली!" व्याही गरजले. "सोयरीक मोडली! पोरा, चाल घरी!"

घरी कुठं? चारी बाजूंनी पाणी होतं. शिवाय जेवणाची टेबलं आधीच ठरवून दिलेली. मोडलेल्या सोयरिकीचे दोन बाप आम्ही समोरासमोर बसून सूप प्यायलो, आणि तो सूप वाढणारा प्रत्येक वेळी आमच्या दोघांमध्ये मेणबत्ती आणून ठेवत होता. बायकोनं मला एकच प्रश्न विचारला, "किती वर्सांपासून पेता?" मी शपथा घातल्या. ती म्हणाली, "पेनारे असंच म्हन्तात."

सकाळी व्याही डेकवर आले. मागे पिंकी. रडून तिचे डोळे सुजले होते.

"पोरीनं हात जोडले म्हून आलो," व्याही म्हणाले. "म्हन्ते, बाबाले एक खेप मौका द्या, ते सोडतील. पोरीचा काय दोष? माह्या देखत शपथ घ्या, दारू सोडली म्हना. साक्षगंध ठरल्या तारखेले होईन."

"अहो आबा, पन मी पीतच नाही!"

व्याही वळून चालायला लागले. बायकोनं मला कोपरानं असं ढोसलं की दारूनं कमरेवर उठलेलं पुरळ पेटलं. "म्हना ना सोडली! तुमच्या खऱ्यानं पोरगी घरी बसन!"

मी समुद्राकडे तोंड करून हात वर केला आणि मोठ्यानं म्हणालो, "आजपासून मी दारू सोडली!" आजूबाजूच्या खुर्च्यांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात गजूनं.

लग्न थाटात झालं. नवरदेवाच्या मागे मामा ताठ उभे राहिले. व्याह्यांनी सगळ्या पंगतीला माझी ओळख करून दिली, "यायनं लेकीसाठी सोडली!" बायका माझ्या बायकोचे हात हातात घेऊन म्हणत होत्या, "सुटलीस बाई."

पाठवणीच्या वेळी पिंकी माझ्या गळ्यात पडली. आम्ही दोघंही ओक्साबोक्शी रडलो. मला वाटलं, आता तरी म्हणेल, बाबा, तुम्ही माझ्यासाठी किती केलंत. तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि हुंदके देत म्हणाली, "बाबा, मी गेल्यावर पुन्हा सुरू नका करू हं!"

"नाही करत, बाई," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो!