बायनाबाईच्या मृत्युपत्राचं लॅमिनेशन

पंडितनं झेरॉक्सचं दुकान टाकल्यापासून एकच काम फुकट केलं, आणि तेच नडलं.

बायनाबाई मृत्युपत्राची झेरॉक्स काढायला आली होती. कागद घड्यांवर विरलेला, कोपऱ्याला हळदीचा डाग. झेरॉक्स निघेपर्यंत बाई समोरच्या हॉटेलवाल्याशी जुनं भांडण पुढं चालवायला गेली, आणि इकडं पंडितला दया आली. त्यानं मूळ कागद प्लास्टिकच्या पाकिटात सारला आणि लॅमिनेशनच्या मशीनमधून काढला. कडक, चकचकीत. गार व्हायला काउंटरवर ठेवला. नेमका तेव्हाच पीकविम्याचा फॉर्म घेऊन सूर्यभान आला, काउंटरवर कोपरं टेकली आणि पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत सगळं वाचून काढलं.

सूर्यभान म्हणजे बाईच्या नवऱ्याचा पुतण्या. अख्ख्या पेडगावात ज्या एका माणसाच्या नजरेला हा कागद पडू नये, तो हाच.

बाईला मूलबाळ नाही. नवरा जाऊन बावीस वर्षं झाली. बहिणीची पोरगी राजेश्री तिनं पाचव्या वर्षापासून वाढवली, लग्न लावून दिलं, सासरच्यांनी हाकलल्यावर परत घरात घेतली. पण दत्तकाचा कागद कधी केला नाही. घर बाईनं गळ्यातली पोत मोडून स्वतःच्या नावावर घेतलेलं. दोन खोल्या, वर पत्रे. पुढच्या खोलीत राजेश्री ब्लाउज शिवते. वकिलानं बाईला स्पष्ट सांगितलं होतं, मृत्युपत्र नसेल तर घर नवऱ्याकडच्या माणसांना जाईल. म्हणजे सूर्यभानला. आणि राजेश्रीला, शिलाई मशीनसकट, रस्ता.

म्हणून बाई त्या कागदाला जिवापाड जपायची. आधी तो तुरीच्या कोठीत होता. तिथं किडे लागतील म्हणून उतरंडीतल्या हळदीच्या मडक्यात गेला. मग सूर्यभानची बायको विरजण मागायच्या निमित्तानं चुलीपर्यंत यायला लागली, तसा गोधडीच्या अस्तरात शिवला गेला. राजेश्री पाच वर्षं त्याच गोधडीवर झोपली आणि तिला पत्ता नाही. पंडितनं एकदा विचारलं होतं, "मावशी, तुमी गेल्यावर त्या पोरीनं शोधायचं कुठं?" बाई म्हणाली, "तू आधी माझ्या मरणाची वाट बघणं सोड."

बाईचं बोलणं असंच. शाळेत वीस वर्षं खिचडी शिजवली. डाळ कमी आली की हेडमास्तरला भर वर्गात जाब विचारायची. गावात तिच्याशी बोलचाल असलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजावीत, तरी बोटं उरायची.

तर हॉटेलवाल्याला गप्प करून बाई दुकानात परतली आणि जागीच थांबली.

"काय वाचायलायस रे?"

"तुमची शेवटची इच्छा वाचायलोय, काकू," सूर्यभान म्हणाला. "लय चकचकीत झालीय."

"तुझ्या बापाचं काय जायलंय?"

"घर जायलंय की."

तो फॉर्म न भरताच निघून गेला. बाई पंडितकडं वळली.

"मावशी, पैसे न्हाई लावले," पंडित म्हणाला.

"ते प्लास्टिक तुझ्या थोबाडाला लावायचं होतं, पंड्या."

आता उशीर नको, कागदाची नोंदणीच करून टाकू, म्हणून दुसऱ्या दिवशी बाई परभणीला गेली. कारकुनानं कागद उलटा केला, सुलटा केला. "मावशी, शिक्का कुठं मारू ह्याच्यावर? ताटाखाली घ्यायला बरा हाय." वकिलानं त्याहून वाईट सांगितलं. उद्या सूर्यभान कोर्टात सही खोटी म्हणाला, तर प्लास्टिकखालची शाई तपासायची कशी? नवीन करा. दोन साक्षीदारांसमोर सही करा, बंद लिफाफ्यात घाला आणि जिल्हा निबंधकाच्या कार्यालयात जमा करा. तुम्ही जिवंत असेपर्यंत तिथून दुसऱ्या कुणाला काढता येणार नाही.

जमा करणं सोपं होतं. साक्षीदार अवघड होते. जुन्या दोघांतला एक वारला होता, दुसरा हल्ली सूर्यभानच्या ट्रॅक्टरवर दिसायचा. उरलेल्या गावाशी बाईचं भांडण. त्यात सूर्यभाननं पारावर सांगून ठेवलं, जो सही करील त्याला आयुष्यभर तारखा करायला लावतो.

"एक तू," बाई पंडितला म्हणाली. "मोडलंस तू, सही तुझी."

दुसरा सापडेना. शेवटी पंडित सितारामकडं गेला. हे धाडसच होतं. अकरा वर्षांमागं सितारामची म्हैस बाईनं बटाईनं केलेल्या शेतात घुसली होती, आणि बाई भर पारावर त्याला चोर म्हणाली होती. तेव्हापासून दोघं एकमेकांच्या सावलीलाही उभी राहत नव्हती.

"राजेश्रीसाठी देतो सही," सिताराम म्हणाला. "सूर्यभानला भ्यायला मी काय त्याचं खातो? पण तिनं पारावर येऊन म्हणायचं, म्हैस सुटली व्हती, सितारामनं सोडली नव्हती. बास."

पंडितनं निरोप नेला. बाईनं ज्वारीतला खडा वेचून अंगणात भिरकावला.

"म्हणते. आधी सही."

परभणीच्या एसटीत तिघं तीन बाकांवर बसली.

"पंडित, तिला सांग, खिडकी लाव. धूळ यायलीय."

"पंडित, त्याला सांग, खिडकी माझ्या बाजूची हाय."

पंडितनं दोन्ही निरोप जागच्या जागी गिळले.

सह्या झाल्या. आधी बाईची, मग तिच्या डोळ्यांदेखत दोघांची. लिफाफा बंद झाला, वर लाख वितळली. बाईनं कारकुनाला विचारलं, "उंदीर हायेत का इथं?"

"हायेत, पण कपाट लोखंडी हाय."

"दाखव."

कपाट बघितल्याशिवाय ती हलली नाही.

घरी येऊन तिनं पावती राजेश्रीच्या हातात दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोरीला कागदाची जागा कळली.

"परभणीला हाय, सरकारी कपाटात. मी मेले की मरणाचा दाखला आणि ही पावती घेऊन जायचं. रडत बसायचं न्हाई. आधी जायचं, मग रडायचं."

राजेश्री तिथंच रडायला लागली.

"ह्याच्यासाठीच सांगत नव्हते," बाई म्हणाली.

सूर्यभान आठवड्यानं दुकानाच्या दारात उभा राहिला. "कुठं ठेवलाय म्हणे कागद?"

"सरकारजवळ."

"आणि साक्षीदार तू?"

"मी आणि सितारामभाऊ."

सूर्यभान पायरीवर थुंकला आणि गेला. आता तो झेरॉक्स काढायला मानवतला जातो, आणि त्याचे सोयरेही तिकडंच जातात. जाताना दुकानासमोर गाडी मुद्दाम हळू करतात.

सितारामनं मात्र तगादा लावला. रोज संध्याकाळी तो पारावर बसतो, पंडित दिसला की हनुवटी वर करतो. पंडितनं चारदा बाईला आठवण करून दिली.

"म्हणते म्हणाले ना," बाई म्हणते. "कधी म्हणते ते कुठं सांगितलं?"

दिवाळी होऊन गेली. सिताराम अजून पारावर बसतो. बाई दळण घेऊन मागच्या गल्लीनं जाते.