रुपरावने न केलेला भाव

रुपराव सूतगिरणीत फिटर होता, पण नागपूरच्या इंदोरा बस्तीत त्याचं नाव होतं ते भाव पाडण्यात. मंगळवारीच्या बाजारात तो वांग्यांकडे नुसता बघू लागला, तरी भाजीवाल्या तोंड फिरवत. त्याची युक्ती एकच. सांगितलेल्या भावाच्या अर्धं म्हणायचं आणि पाठ फिरवून चालू लागायचं. मागून हाक येतेच. "माह्यात दुसरा कोणताच गुण नाही," असं तो स्वतःच सांगे, आणि बायको मनकर्णा लगेच मान डोलवी.

म्हणूनच अठ्ठ्याहत्तर साली बँकॉकच्या एका विहाराने तिकिटं पाठवून नागपूरच्या काही उपासकांना बोलावलं, तेव्हा बस्तीने रुपरावला धाडलं. बस्तीच्या विहारात तोवर बुद्धाची नुसती तसबीर होती. घरोघरची वर्गणी त्याच्या आतल्या खिशात शिवून देण्यात आली. "मूर्ती आण गा, अन् पैसेही उरवून आण," समितीचे बळीराम म्हणाले.

रुपराव लोकरी सूट घालून गेला. परदेशात थंडी असते, असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानेच ठरवलं होतं. बँकॉकात त्या सुटाच्या आत त्याचं भरीत झालं. शहर मात्र तो बघतच राहिला. सोनेरी कळसाच्या विहाराला खेटून कॅमेऱ्यांची दुकानं, आणि टाय लावलेले साहेब मोटारीतून उतरून फुटपाथवरच्या देव्हाऱ्याला हार घालत होते. एका रस्त्यावर तर ओळीने बुद्धच बुद्ध, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, आणि शेजारी फ्रिजचं दुकान.

त्यातल्या एका मूर्तींच्या दुकानात एक म्हातारी बसली होती. रुपरावने मूर्ती निवडली. हिंदी जगात सगळ्यांना येतं, फक्त जोरात बोलावं लागतं, या भरवशावर तो ओरडला, "माताजी, लास्ट बोलो!" म्हातारीने कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला. रुपरावने त्यावर अर्धा आकडा दाबला, ती हसली, आणि तो ठरल्याप्रमाणे पाठ फिरवून निघाला.

हाक आली नाही. त्याने चाल मंद केली, बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली, गरज नसताना फ्रिज उघडून पाहिला. मागे कोणी विचारीना. आता परत जायचं कोणत्या तोंडाने? तो तसाच मुक्कामी आला आणि सोबत आलेल्या, तिथली भाषा येणाऱ्या भिक्खूंना, भंतेजींना, सगळं सांगून मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं. सकाळीच भंतेजी त्याला घेऊन दुकानात गेले. ती मूर्ती पुसून उंच फळीवर ठेवलेली होती. म्हातारी काहीतरी म्हणाली आणि भंतेजी हसले.

"तिला वाटलं, तुम्ही फुलं आणायला गेलात. इथे मूर्ती विकत घेतली असं म्हणत नाहीत. घरी बोलावून नेतात, पाहुण्यासारखी."

रुपरावला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो जाऊन फुलं घेऊन आला. फुलवालीला अर्धा भाव सांगायचं अगदी ओठावर आलं होतं, ते गिळलं. मूर्तीचे पैसे त्याने पूर्ण दिले. विमानात आणि मग कलकत्त्याहून रेल्वेत तो मूर्ती मांडीवर घेऊन बसला. उरलेल्या वेळात बस्तीला काय थापा माराव्या याचा विचार केला, पण खिसा रिकामा होता आणि थाप काही जमेना.

नागपूर स्टेशनावर सगळी बस्ती पांढऱ्या कपड्यांत उभी होती. मूर्तीला फुलं वाहून होताच बळीरामांनी विचारलं, "कितीले पाडलं गा?"

"भावच नाही केला," रुपराव म्हणाला.

कोणीतरी फिसकन हसलं. मनकर्णाने कपाळाला हात लावला. रुपरावचा एकुलता एक गुण तिथेच, सगळ्यांदेखत संपला.

तेवढ्यात दुसऱ्यांची धुणी-भांडी करत म्हातारी झालेली अंजनाबाई पुढे आली. तिने मूर्तीच्या पायांवरून हात फिरवला.

"बेस केलं, बाबू. जलमभर लोकायनं आपलाच भाव पाडला. या बुद्धाचा तं नाही पाडला ना कोणी."

मग डोळे पुसत ती म्हणाली, "आता मंगळवारीच्या बाजारात जाय, अन् वांग्याचा पाड."