झाकणाचा आवाज

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या मित्रांबरोबर औरंगपुऱ्यात चहा पीत दुनियेची ढोंगं उघडी पाडली, त्यांना तर नाहीच. ढोंग ओळखण्यात मी पटाईत समजला जायचो. आता तुम्हाला सांगतोय — तुम्हालाच का, ते मलाही नीट माहीत नाही.

युद्धाच्या दिवसांत मी सीमेवरच्या एका चौकीवर माहितीपट करायला गेलो होतो. जवानांचा रोजचा दिवस — दाढी, डाळ, पत्रं, पहारा. पोचल्या दिवसापासून माझ्या मनात संशय. सगळे इतके शांत कसे? बुटांना एवढी चकाकी कशी? वरच्या साहेबांनी आमच्यासाठी मांडलेलं प्रदर्शन तर नव्हे? भीती कुठंतरी दडवलेली असणार आणि ती हुडकणं हेच माझं काम, असं मी ठरवून टाकलं. आठ दिवस ती सापडली नाही. दूर तोफा वाजायच्या, जवान चहा प्यायचे.

त्यांच्यात वैजापूरजवळच्या एका मेंढपाळाचा मुलगा होता, भानुदास. आपल्याकडची बोली ऐकून तो माझ्याशी मोकळा झाला. त्या मोकळेपणाचाच — कसं सांगू — मी उपयोग केला. नवव्या दिवशी तो एकटाच चहा पीत बसला होता. मी कॅमेरामनला कॅमेरा चालू करायला लावला आणि मागं जाऊन फिल्मच्या डब्याचं पत्र्याचं झाकण दगडावर आपटलं. तो क्षणात पालथा, हात डोक्यावर. शिकवलं होतं तेच त्यानं केलं. मग वळून मला पाहिलं आणि पोट धरून हसला. "काय साहेब, तुम्ही बी!"

ते हसणं मी कापलं. झाकणाच्या जागी तोफगोळ्याचा आवाज घातला — खरं तर तो आपल्या इथल्या दगडखाणीतल्या सुरुंगाचा. आणि मागंपुढं बाकीच्या जवानांची आदल्या दिवशीची दृश्यं जोडली, निवांत चहा पितानाची. मग पडद्यावर काय झालं? गोळा पडतो, सगळे बसून राहतात, एकटा भानुदास जमिनीवर लोळतो. जोडताना मला हे दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. परिणाम चांगला साधत होता.

शहरात पहिला खेळ झाला. हार, शाल, नारळ. आयुष्यात कधी पहारा न दिलेला पाहुणा शौर्यावर पाऊण तास बोलला. मग चित्रपट वैजापूरला दाखवला गेला.

त्यानंतर काही दिवसांनी भानुदासचे वडील माझ्या कार्यालयात आले. खांद्यावर घोंगडी, खुर्चीवर बसेनात. म्हणाले, गावात पोराला 'लोटांगण' म्हणतात. सुट्टीवर आला, तर माणसं पारावर आडवी पडून दाखवतात.

"पोरगं म्हणतंय, साहेबांनी मागून झाकण आपटलं. गाव म्हणतंय, भित्रा तर हायेच, वर खोटारडा बी. म्हून तुमालाच इचारतो. म्या मेंढरामागं जलम काढला, साहेब. येक मेंढरू बुजलं की समदा कळप बुजतो. तुमच्या पिक्चरात येकटाच कसा बुजला? बाकीच्यांला ऐकू आलं नाय का?"

माझ्या कामाची इतकी अचूक पारख कुणी केली नव्हती. पुढच्या आठवड्यात दिल्लीला खेळ ठरला होता. ते झाकण टेबलावर, माझ्या कोपराशीच होतं. त्यात मी टाचण्या ठेवायचो.

"नाही बाबा, तसं काही झालं नाही," मी म्हणालो. तिथंच थांबलो असतो — पण नाही. समजुतीच्या सुरात वर म्हणालो, "भीती कुणालाही वाटते. पोराला रागावू नका."

त्यांनी टेबलावरच्या झाकणाकडं पाहिलं. "व्हय? मंग आमचंच पोरगं खोटं बोललं म्हणायचं." जाताना त्यांनी मला हात जोडले.

भानुदास पुन्हा सुट्टीला गावी आला नाही, एवढं पुढं कानावर आलं. बापलेक परत कधी बोलले का? मला माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

हसण्याचा तो तुकडा मी फेकला नाही. चार-पाच सेकंदांचा आहे, अजून कपाटात आहे. इथून वैजापूरला दिवसभर बस सुटतात. मी एकाही बसमध्ये चढलो नाही.