ऋतावहिनींनी न खाल्लेले मिन्स पाय

अमेरिकेतल्या आमच्या मॉरिसव्हिलच्या गल्लीत कुणाच्या घरात काय शिजतंय हे मला खिडकीतून कळतं, आणि का शिजतंय हे दुसऱ्या दिवशी. चौकशी हा माझा छंद आहे. बायको, सुजाता, त्याला रोग म्हणते. तर आज ऋतावहिनींबद्दल.

ऋतावहिनी आमच्या उजव्या हाताला राहतात. मूळच्या पुण्याच्या, शुद्ध शाकाहारी, बँकेत डेटा ॲनालिस्ट. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत फराळाच्या टेबलावर त्यांच्या करंज्या आधी संपतात आणि मग भाषणं सुरू होतात. बाई लाघवी. कुणाला 'नाही' म्हणणं त्यांच्या कुंडलीतच नाही. तुम्ही त्यांना कारल्याचा केक दिलात तरी "अय्या, किती छान!" म्हणतील. तो खातील की नाही, हा वेगळा विषय. आजचा विषय तोच आहे.

वहिनींच्या पलीकडच्या घरात डोरीन नावाच्या इंग्लिश आजीबाई राहतात. लग्न करून यॉर्कशरहून इकडे आल्या, आता नवरा नाही, मुलगा डेन्व्हरला. दर ख्रिसमसला त्या मिन्स पाय करतात. नाव ऐकून दचकू नका. वाटीएवढे गोल, खुसखुशीत, वर पिठाचीच चांदणी, आणि आत मनुका, बेदाणे, सफरचंद, संत्र्याची साल, लवंग, दालचिनी, जायफळ यांचं ब्रँडीत मुरलेलं सारण. आपली करंजी विलायतेला जाऊन बिघडली तर अशीच दिसेल.

वहिनी नव्या राहायला आल्या त्या वर्षी डोरीनबाई पत्र्याचा लाल डबा भरून घेऊन आल्या. आणि आजीबाईच त्या, इतिहास सांगितल्याशिवाय खाऊ देतात का? म्हणाल्या, "शेकडो वर्षांपूर्वी यात मटण असायचं. मसाले पूर्वेकडून यायचे, श्रीमंतांचं काम. पाय लांबट करायचे, येशूच्या गव्हाणीसारखे. पुढे मटण गेलं, पण गाईची चरबी राहिली. माझी आजी ती स्वतः किसायची."

वहिनी गोड हसल्या, "हाउ लव्हली" म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

आता कुणीही शहाण्या माणसानं एकच प्रश्न विचारला असता. बाई, तुमच्या या पायमध्ये आहे का हो ती चरबी? पण आपल्याकडे असं विचारत नाहीत. विचारलं तर समोरच्याला वाईट वाटतं. न विचारता फेकलं तर कुणालाच काही वाटत नाही. शिवाय अन्न टाकायचं नाही हाही संस्कार. मग मार्ग कोणता? मार्ग आमच्या गॅरेजमधून जायचा.

त्याच संध्याकाळी वहिनी आल्या. पुढच्या दारानं नाही, गॅरेजच्या. हातात फॉइलचा फेकायचा ट्रे, त्यात सगळे पाय.

"अहो धर्मराज, तुमच्याकडे चालतं ना?"

"चालतं काय वहिनी, धावतं! या की आत."

"नको नको, गॅसवर दूध आहे."

दर वर्षी हेच. दर वर्षी गॅसवर दूध. मग लाल डबा बाहेरच्या नळावर घासून, रिकामा कसा परत करायचा म्हणून त्यात करंज्या भरून वहिनी डोरीनबाईंना देऊन यायच्या. "सगळे संपले हो! सिद्धेशला तर फारच आवडले." सिद्धेश म्हणजे त्यांचे यजमान. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मी मात्र पहिल्याच वर्षी त्या पायांच्या प्रेमात पडलो.

सुजाता एकदा म्हणाली, "तिच्या घरात जे ठेववत नाही ते आपल्याकडे येतं. तेही फॉइलमध्ये, म्हणजे भांडं परत घ्यायला नको. आपण आणि कचऱ्याचा डबा, फरक काय?"

"कचऱ्याच्या डब्याला चव कळत नाही," मी म्हटलं. ती हसली नाही. नागपूरला तिच्या लहानपणी शेजारच्या काकू असंच काहीबाही आणून द्यायच्या. दारातूनच.

या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी दुपारी वहिनी धापा टाकत आल्या. चक्क पुढच्या दारानं.

"धर्मराज, मेले मी! डोरीनची चव गेलीय. मागच्या हिवाळ्यातल्या आजारपणात गेली ती आलीच नाही. सारण तयार आहे, पण काय कमी, काय जास्त तिला कळत नाहीये. मला म्हणते, 'तू इतकी वर्षं खातेयस, तूच चाखून सांग.' मुलगा, नातवंडं, सगळे येणारेत. पुढच्या वर्षी घर विकून ती मुलाकडे जातेय. या घरातला शेवटचा ख्रिसमस, म्हणते, तो चुकायला नको."

"मग चाखा."

"काय चाखू? त्यात ते आहे ना! आणि चाखलं तरी मला काय कळणार, मी कधी... ते तुम्हीच खाल्लेत." त्या खाली बघायला लागल्या. "तुम्ही चला. शिकायला आलाय असं मी सांगते तिला. तुम्ही आधी चाखा, जायफळ कमी असेल तर एकदा खोका, लवंग कमी असेल तर दोनदा."

"आणि सगळंच कमी असेल तर? टीबी झाल्यासारखा खोकू?"

असला तमाशा मी सोडणार होतो थोडाच? निघालो.

डोरीनबाईंच्या ओट्यावर मोठं पातेलं होतं. बाईंनी मला लाकडी चमचा दिला. "घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं ढवळा. मनात इच्छा धरा, बोलून दाखवायची नाही." मी ढवळलं. हळूच बोट चाटलं. जायफळ कमी. मी खोकलो.

"यांना सर्दी आहे का?" डोरीनबाईंनी पातेलं ओढून घेतलं. "माझ्या सारणावर खोकू देऊ नकोस हं." मग चमचा भरून वहिनींपुढे धरला. "बघ गं. नेहमीसारखं झालंय?"

वहिनींनी चमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या सगळ्यांच्या आजीपणजीनं वापरलेलं शस्त्र बाहेर काढलं.

"आज माझा उपास आहे."

"उपास? मग फळं चालत नाहीत?"

"फळं चालतात, पण..."

"मग यात दुसरं आहे काय?" बाईंनी फडताळातून एक हिरवं पाकीट काढून ओट्यावर ठेवलं. "ही चरबीसुद्धा वनस्पतीची. पाम तेलाची. पहिल्या वर्षापासून हीच वापरतेय. त्या उन्हाळ्यात मी अंगणात ग्रिल लावलं होतं, आठवतं? तुझ्या नवऱ्यानं नुसतं मक्याचं कणीस खाल्लं. तेव्हाच कळलं मला. ब्रिटिश दुकानातून मागवते दर वर्षी. माझा मुलगा कुरकुरतो, म्हणतो, पणजीची चव राहिली नाही. मी सांगते, न राहू दे, शेजारी खातात ना."

ऋतावहिनींचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या. त्यांनी चमचा घेतला, सारण तोंडात घातलं आणि उभ्या राहिल्या. गिळवत नव्हतं, थुंकवत नव्हतं.

"काय? नेहमीसारखं?"

मला खोकता आलं असतं. खोकलो नाही.

"मला माहीत नाही," वहिनी म्हणाल्या. इंग्रजीत बोलत होत्या, पण आवाज शाळेतल्या मुलीचा. "मी कधी खाल्लेच नाहीत. मला वाटलं, त्यात ती चरबी... मी विचारलं नाही."

"एकही नाही?"

"एकही नाही."

डोरीनबाईंनी हिरवं पाकीट उचललं, जरा वेळ हातात धरलं, पुन्हा ठेवलं. "मग खाल्ले कुणी?"

वहिनींनी माझ्याकडे हात केला. 'त्यांच्याकडे चालतं' हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. इतकी वर्षं गॅरेजच्या दारात सहज निघायचं ते. त्या दिवशी निघालं नाही. मान मात्र आणखी खाली गेली. ती डोरीनबाईंसाठी नव्हती, एवढं मला समजलं.

डोरीनबाईंनी चमचा धुतला आणि माझ्या हातात दिला. "मग तुम्ही सांगा."

मी सांगितलं. जायफळ वाढवा, संत्र्याची साल थोडी आणखी. वहिनी न सांगता जायफळ किसायला बसल्या. बाई त्यांच्याशी चांगलंच वागल्या. "थँक यू, डिअर" म्हणाल्या, "प्लीज" म्हणाल्या. रोज हक्कानं ओरडणारी बाई पाहुण्यांशी बोलावं तशी बोलत होती. वहिनी किसत राहिल्या, किसणी नखाला लागेपर्यंत.

ख्रिसमसच्या आदल्या दिवशी डोरीनबाईंनी एक डबा थेट आमच्याकडे दिला. माझ्या नावाची चिठ्ठी लावून. मला वाटलं, यंदा वहिनींचं नाव कटलं.

संध्याकाळी बेल वाजली. पुढच्या दाराची. वहिनी उभ्या होत्या, हातात लाल डबा.

"मलाही दिलाय तिनं," म्हणाल्या. "मला वाटलं होतं, देणार नाही. एकटीला उघडवत नाहीये."

"गॅसवर दूध नाही का आज?" मी म्हटलं. जिभेला हाड नाही माझ्या.

"नाही," त्या म्हणाल्या, आणि आत आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसल्या. पर्स मांडीवरच.

सुजातानं आतून आमचं रोजचं स्टीलचं ताट आणलं, त्यांच्यापुढे ठेवलं, आणि शांतपणे विचारलं, "चालेल ना, आमच्या ताटात?"

वहिनींनी वर पाहिलं नाही. डबा उघडला, एक पाय ताटात घेतला, चांदणीची कड तोडून तोंडात घातली. डोरीनबाई सांगतात की हंगामातला पहिला पाय खाताना बोलायचं नसतं. वहिनी बोलल्या नाहीत. कण न् कण वेचून खाल्ला. मग ताट उचललं, आमच्या सिंककडे गेल्या आणि नळ सोडला.

"राहू दे, मी घासते," सुजाता म्हणाली.

वहिनी आमच्याकडे पाठ करून घासतच राहिल्या. एवढंसं ताट, केव्हाच स्वच्छ झालं होतं.